आत्याची पाठ

आमच्या घरमालकिणीला झोपेत स्वप्नं पडत नसत, पळताना पडत. हे तिनं मला खोली दाखवायच्याही आधी सांगितलं. मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला नुकतीच नोकरी लागली होती आणि सांगलीत राहायला जागा हवी होती. दिलेल्या पत्त्यावर गेले, तर पायरीवर एक पन्नाशीची, उंच, दणकट बाई बुटांच्या नाड्या सोडत बसलेली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"आज काय झालं," मी रोजचीच असल्यासारखी ती मला म्हणाली, "नदीची घडी घालून कुनीतरी कपाटात ठिवली व्हती. मी म्हनलं, आवं, ओली हाय ती. आदी वाळवा तरी."

मी लोणंदची. आमच्याकडं पहिल्या भेटीत माणसं गाव विचारतात, आडनाव विचारतात, फारच मोकळी असली तर पगार विचारतात. नदीच्या घडीवर काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पण खोली हवेशीर होती, खिडकीत चिंचेची फांदी आलेली होती, म्हणून मी राहिले, आणि लग्न होऊन पुण्याला जाईपर्यंत तिथंच राहिले.

तिचं पळणं बघायला मी एकदाच पहाटे उठले. पहाटे उठणाऱ्या माणसांबद्दल मला एरवी आदर वगैरे काही नाही. थंडीचे दिवस होते. हरिपूरच्या रस्त्यावर नदीकडून धुकं आलेलं, दोन्ही बाजूंच्या चिंचा त्यात बुडालेल्या, आणि कुठल्यातरी रानात हळद शिजत असल्याचा तो कडवट, उबदार वास. त्यातून ती येत होती. पळणं म्हणजे काय, चालण्याहून जरासं जास्त. हात सैल, मान थोडी कललेली, ओठांवर हसू. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नव्हती. दूधवाले गाडी बाजूला घेत होते, आपल्याकडं झोपलेल्या माणसाजवळून जाताना घेतात तशी. मी चांगली हाक मारली, तरी माझ्यासमोरून ती तशीच निघून गेली. एकदा म्हणे उसाच्या ट्रॉलीमागे पळत पळत ती थेट साखर कारखान्याच्या गेटात पोचली होती. ट्रॉली स्वप्नातली आहे असं तिला वाटलं होतं.

सगळे तिला आत्या म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. तोंडावर अहो-जाहो, मनात मात्र पहिल्यापासून अगं. खरं तर ती कुणाचीच आत्या नव्हती. आई-वडिलांची एकुलती एक. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीतला त्यांचा लेथ मशीनचा लहानसा कारखाना तिनं चालवायला घेतला आणि त्यातच वर्षं गेली. नवरा नाही याचं तिला कधी काही वाटलं असेल तर ते मला दिसलं नाही. भाऊ नाही याचं मात्र वाटायचं.

"भाऊ न्हाई म्हंजे भाचरं न्हाईत," ती सांगायची. "भाचरं न्हाईत म्हंजे बारशाला मी निस्ती पाव्हनी. पेढा खायचा, घरी यायचं. पाळण्यापाशी वाकायचा मान दुसरीलाच."

बारशाला आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि नेमक्या त्याच वेळी मागं उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत दणादण धपाटे घालतात. का घालतात ते कुणालाच सांगता येत नाही, पण घालताना हात कुणी आखडता घेत नाही. माझ्या एका आत्यानं तर वहिनीवरचा सगळा राग त्या दिवशी पाठीवर झेलला होता, असं आमच्या घरी अजून बोलतात. बाकीच्या आत्या या धपाट्यांना भितात. आमची मालकीण त्यांच्यासाठी झुरत होती.

सांगलीत एक शिशुगृह होतं. कुणी सोडून दिलेली, कुणाला सापडलेली तान्ही बाळं तिथं वाढायची आणि कायद्याचं सगळं पार पडलं की दत्तक जायची. आपल्या कारखान्यात केलेल्या पाळण्याच्या कड्या द्यायला ही एकदा तिथं गेली. एका मावशींच्या मांडीवर चार दिवसांपूर्वी आलेली मुलगी होती.

"हिचं बारसं कवा?" हिनं विचारलं.

"आवं, हितं कुठलं बारसं? नाव घालायचं कागदावर, झालं."

"आत्याबिगर?"

मावशी नंतर मला सांगत होत्या, की असा आवाज त्यांनी फक्त चोरी पकडल्यावर ऐकला होता. त्याच दिवशी संध्याकाळी घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला झेंडूची माळ लागली, आणि आमची मालकीण आयुष्यात पहिल्यांदा पाळण्यात वाकली. तिथल्या मावश्यांनी तिला मनापासून बडवलं. त्यानंतर तिथं आलेल्या प्रत्येक बाळाची आत्या तीच. बारसं करून घरी आली की ओट्याला टेकून उभी राहायची, खुर्चीला पाठ लावता यायची नाही. "आज लय पडले," असं म्हणायची, चांगला पाऊस झाल्यावर शेतकरी म्हणतो त्या समाधानानं.

तिनं ठेवलेली नावं टिकत नसत. नवे आई-वडील येत, बाळाला घेऊन जात, आणि त्यांच्या आवडीचं नाव ठेवत. मला याचं फार वाईट वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर ती माझ्याकडं बघून हसली.

"आगं, दुपट्यासारखं असतंय ते. थंडीचं गुंडाळायला. पोर मोठं झालं म्हंजे काय दुपट्यातच ठेवायचं व्हय?"

पण स्वप्नांत ती मुलं परत यायची. पळून आल्यावर चहा घेता घेता ती मला सांगायची, आणि मी कामाला जायचा उशीर होत असताना ऐकत बसायचे. कधी सगळी बाळं कारखान्यात लेथवर बसलेली असायची आणि धातूच्या भुग्याऐवजी खाली कुरमुरे पडत असायचे. कधी कृष्णेच्या पुलावर दोन्हीकडं पाळणे टांगलेले असायचे आणि वाऱ्यानं आपोआप हलत असायचे. सांगताना तिचे डोळे पूर्ण उघडत नसत. मला वाटतं, घरी येऊनही ती अजून थोडी पळतच असायची.

महापुरात शिशुगृहाच्या तळमजल्यात पाणी शिरलं. बाळांना चादरीत गुंडाळून शेजारच्या गच्चीवर न्यावं लागलं होतं. पाळण्यांची खोली वरच्या मजल्यावर बांधायची असं ठरलं, आणि पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा हिनं जाहीर केलं की आपण साताऱ्याची डोंगरावरची मॅरेथॉन पळणार. साताऱ्याला शहरातून यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तसंच उतरून यायचं. देणगी देणाऱ्याला बदल्यात काय? पाठीत एक धपाटा घालायचा हक्क.

शिशुगृहाच्या कमिटीतले लोक चपापले. बाईमाणसाच्या पाठीत कुणीही येऊन धपाटा घालायचा, हे त्यांना बरं दिसेना. ती म्हणाली, "धपाट्याबिगर आत्या हुतीया का कुठं?" कमिटीनं पावतीपुस्तकं छापायला टाकली.

देणग्या गोळा करायला मी तिच्याबरोबर हिंडायचे. भाजी मंडईत बायकांनी पदर खोचून धपाटे घातले. हळदीच्या एका अडत्यानं देणगी दिली, धपाटा बायकोच्या हातून घालून घेतला आणि लांबूनच बघून समाधान पावला. मिरजेत तंबोरे बनवणारे एक चाचा होते. त्यांनी देणगी दिली, पण हात उचलेनात.

"हमारे में बच्चे के कान में अजान देते," ते म्हणाले. "तुमारे में नाव बोलते. कान तो एकीच है ना, बहन? पर ये मारने का कायकू?"

"रीत हाय, चाचा."

चाचांनी विचार केला. मग तंबोऱ्याचा भोपळा पारखताना वाजवतात तशी तिच्या पाठीवर दोन बोटं वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अच्छा है. भोपले सरीका अंदर से सूखा नहीं."

आता खरी गोष्ट. सगळ्यांची आत्या होऊन तिचं पोट भरलं नव्हतं. तिला आई व्हायचं होतं. हे तिनं मला सरळ सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. दत्तकासाठी तिनं नाव नोंदवलं होतं. एकटी बाई, त्यात पन्नाशीची, म्हणून तान्हं बाळ मिळणार नव्हतं. मोठं मूल मिळू शकत होतं, पण मोठ्या मुलाला विचारतात, आणि त्यानं नाही म्हटलं की विषय संपला. शिशुगृहातली भाचरं सगळी तान्ही, त्यांच्यापैकी कुणी मागायची सोय नव्हतीच.

घराची पाहणी करायला एक तरुण बाई आल्या होत्या. स्वभावानं चांगल्या होत्या, पण प्रश्न विचारायचेच होते. एकट्या राहता, उद्या तुमचं काही कमी-जास्त झालं तर? आत्या म्हणाली, "मानसाचं कमी-जास्त हुनारच की, बाई. दोघं असली तरी हुतंय." मग त्या वर माझ्या खोलीत आल्या आणि विचारलं, मूल आलं तर या कशा वागतील?

मी त्यांना माझ्या तापाची गोष्ट सांगितली. मला डेंग्यू झाला होता तेव्हा ती माझ्या उशाशी बसून असायची. पळणं बंद होतं. तरी रोज सकाळी पेज भरवताना मला एक स्वप्न सांगायची. पेरूच्या झाडाला लागलेल्या घागरी, गणपतीच्या देवळातला हत्ती सायकल चालवतोय, असलं काहीतरी. ताप उतरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही पळायला गेली नाही, म्हणजे हिला स्वप्नं पडली कधी? सगळी रचलेली होती. माझ्या घशाखाली पेज उतरावी म्हणून. एवढं सांगून होईपर्यंत त्या बाईंनी लिहायचं थांबवून मला पाणी दिलं.

पहिल्यांदा एका मुलाचं जुळत आलं होतं. दहा वर्षांचा होता. तो नको म्हणाला. मित्रांना सोडून जायचं नाही म्हणाला. "बरोबर हाय त्याचं," असं म्हणत ती घरी आली आणि तुळशीला पाणी घालायला लागली. पाणी वृंदावनातून अंगणात आलं, अंगणातून रस्त्यावर गेलं, तरी ती नळी धरून उभीच होती. मी जाऊन नळ बंद केला.

त्यामुळं साताऱ्याच्या एका बालगृहातल्या मुलीसाठी बोलावणं आलं तेव्हा मला आनंदाऐवजी धाकधूकच जास्त वाटली. मुलगी नऊ वर्षांची. भेट नेमकी शर्यतीच्या आदल्या दुपारी ठरली. मी बरोबर गेले होते.

ऑफिसात अधीक्षकबाई, आम्ही दोघी, आणि समोर ती मुलगी. दोन घट्ट वेण्या, कोपरावर जुनी खपली. तिनं एकदाही मान वर केली नाही. आत्याच्या बुटांकडं बघत होती.

"या सांगलीहून आल्यात तुला भेटायला," अधीक्षकबाई म्हणाल्या. "यांना तुझी आई व्हायचंय. आवडेल का तुला?"

मुलगी कोपरावरची खपली खरवडायला लागली. एरवी कुणाशीही बोलणारी आमची मालकीण, पण त्या दिवशी तिच्याकडं नदीची घडी नाही, हत्ती नाही, काही नाही. मी टेबलाखालून तिला ढोसलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी उद्या पळनार हाय. वाटलं तर बगायला ये."

मुलगी उठून गेली. अधीक्षकबाई म्हणाल्या, "घाई नको करायला. सोमवारी दत्तकाच्या समितीपुढं तिला परत विचारू. ती हो म्हणाली तरच." बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, अहो, काहीतरी गोड बोलायचं होतंत. ती म्हणाली, "तिला खोटं कळलं असतं." आणि मग अजिंक्यताऱ्याकडं बघत राहिली. किल्ल्यावर ढग उतरत होते.

शर्यतीच्या सकाळी मी तिची बनियन पहिल्यांदा पाहिली. कुपवाडच्या पेंटरकडून तिनं पाठीवर लिहून आणलं होतं: मी आत्या. देणगी द्या आणि धपाटा घाला. अक्षरं लांबून दिसली पाहिजेत असं तिनं बजावल्यामुळं त्या पठ्ठ्यानं "मी आत्या" आणि "धपाटा घाला" एवढं पाठभर रंगवलं होतं आणि उरलेलं बारीक अक्षरात खाली काठाला घेतलं होतं. काठ तिनं व्यवस्थित ट्रॅकपँटमध्ये खोचला. माझ्या लक्षात येईपर्यंत ती गर्दीत मिसळून निघूनही गेली होती.

सातारकरांना सांगायला लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवायला उभे होते, ढोल होते, लेझीम होतं, आणि त्यात ही बाई पाठीवर आमंत्रण लिहून चाललेली. पुढचं सगळं फुकटात झालं.

मी घाटाच्या पायथ्याशी पाणी आणि कोरडा टॉवेल घेऊन थांबले. जवळच बालगृहाची मुलं रांगेत उभी होती, त्यांच्या ताईंबरोबर, पळणाऱ्यांना टाळ्या वाजवायला. ती मुलगी शेवटी उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती. आली होती, पण सगळ्यांनाच आणलं होतं, त्यामुळं त्यावरून काही कळत नव्हतं. मी तिच्याकडं चोरून बघत होते.

घाट दिसतच नव्हता. वर सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून माणसं एकेक करून गळत होती, आधी पायांचा आवाज यायचा, मग माणूस दिसायचं. तरणी पोरं उतरली, मग मध्यमवयीन माणसं उतरली, आणि बऱ्याच वेळानं ती दिसली. डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली. धुकं तिच्याबरोबरच खाली येत होतं. पण ती वाकून पळत होती. सबंध घाटभर लोकांनी तिला बडवलं होतं. आताही दोन्हीकडून बायका पुढं येत होत्या, "आत्या आली गं, आत्या!" म्हणत होत्या आणि हसत हसत पाठीत धपाटा घालत होत्या. एका पैलवानी गड्यानं असा घातला की ती दोन पावलं पुढं कोलमडली. तरी ती हसून मान हलवत होती. मी टॉवेल नाचवत ओरडले, "अहो, थांबा! आधी देणगी द्या!" ढोलात कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी सुटल्यासारखं गेलं. दोन वेण्या. ताईंनी हाक मारली तोवर ती मुलगी रस्त्याच्या मधोमध पोचली होती. पैलवानाच्या पोटाला दोन्ही हात लावून तिनं त्याला मागं ढकललं, आणि आत्याच्या पाठीला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली.

"मारू नगा!" ती किंचाळली. "मारू नगा तिला!"

सगळे जागच्या जागी थांबले. पैलवान तर इतका ओशाळला की हात मागं बांधून उभा राहिला. एक वयस्कर बाई समजुतीनं पुढं वाकल्या. "आगं बाळा, मारत न्हाई कोन. आत्या हाय न्हवं ती? बारशाला आत्याला आसंच घालत्यात."

बारसं त्या पोरीनं कधी पाहिलं असणार? तिचे हात खाली आले नाहीत.

"ती आत्या न्हाई," ती म्हणाली. "सांगलीवरनं आलीया ती. माझी आई व्हायला."

पळताना कधीही न थांबणारी आमची मालकीण थांबली. पळण्याच्या तंद्रीतून तिचे डोळे पूर्ण उघडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मागं वळून त्या मुलीकडं बघायचं धाडस तिला होत नव्हतं. मी हातातला टॉवेल तोंडाला लावून रस्त्याच्या कडेला मोठ्यानं रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"चल आता," मुलगी तिला म्हणाली. "मी हाय मागं."

पुढचा रस्ता त्या दोघींनी चालत संपवला. पुढं आत्या, आणि तिच्या मागं दोन्ही तळवे तिच्या पाठीवर टेकवून ती मुलगी. दोन्ही बाजूंना सगळा सातारा उभा होता, पण त्या पाठीला हात लावायची हिंमत पुन्हा कुणाची झाली नाही.